न बदललेला डायनामो

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, पलटणीतल्या मित्रांना नाही, चौकशीच्या वेळी अधिकाऱ्यांना तर नाहीच. तो डायनामो बदलायला हवा होता. आदल्या दिवशी दुपारी चार वाजताच मला ते माहीत होतं.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातला एक तालुका. भाद्रपदात सातपुड्यात जोराचा पाऊस झाला, डोंगरातली गावं तुटली आणि मदतीसाठी फौजेची एक छोटी तुकडी डोंगराच्या पायथ्याशी खापर गावी पाठवली गेली. चार गाड्या, एक बोट, तीस जवान. मी व्हेईकल मेकॅनिक होतो, हुद्दा नाईक. गाव शहादा तालुक्यातलं. इथली बोली येणारे जवान हवेत म्हणून माझं नाव यादीत आलं. त्याच कारणानं ड्रायव्हर गोविंद वळवीचंही आलं. तो खांडबाऱ्याजवळचा. तेवीस वर्षांचा, उंचीनं कमी, सदा कुणाची तरी थट्टा करणारा.

कॅम्प शाळेच्या आवारात होता. सकाळी पाचला उठायचं, साडेपाचला गाड्यांची तपासणी, सहाला चहा. मी गाडीखाली शिरायचो, वळवी वरून पाने द्यायचा. प्रत्येक गाडीचं एक लॉगबुक असतं. काय तपासलं ते लिहून मेकॅनिकनं सही करायची. ती सही म्हणजे मेकॅनिकचा शब्द.

वळवीच्या गाडीवर वायरलेस सेट बसवलेला होता. त्या दिवशी दुपारी तो परत आला आणि म्हणाला, “भाऊ, काटा मायनसमा जाई ऱ्हायना.”

अँपिअर मीटरचा काटा मायनसकडे, म्हणजे बॅटरी भरत नव्हती. इंजिन चालू असताना बॅटरी भरण्याचं काम डायनामोचं. आजच्या मोटारीत त्या जागी आल्टर्नेटर असतो. मी डायनामो उतरवून उघडला. आतले कार्बनचे ब्रश झिजून नखाएवढे उरले होते. असे झिजायला महिने लागतात. आणि दहा दिवसांपूर्वी लॉगबुकात मी लिहिलं होतं, ‘ब्रश तपासले, ठीक.’ खाली माझी सही. मी तपासले नव्हते. त्या दिवशी पाऊस होता, चार गाड्या उरकायच्या होत्या, म्हणून बसल्या जागी चारही पुस्तकं भरून टाकली होती.

सुभेदार साहेब आले. “पाटील, रिपेअर या रिप्लेस? चार बजे तक बोलो. सुबह गाडी जानी है.”

स्टोअरच्या लॉरीत नवा डायनामो होता, लाकडी पेटीत, ग्रीस लावलेला. बदलायला एक तास लागला असता. पण बदलला की जुन्याला कारणाची चिठ्ठी बांधून तो मागे वर्कशॉपला पाठवावा लागे. तिथे तो उघडला जातो, लॉगबुकाशी ताडून पाहिला जातो. खोटी सही सापडली की बाहीवरची नाईकची पट्टी गेली. मला पट्टी मिळून चार महिने झाले होते.

मी म्हणालो, “रिपेअर, साहब. हो जाएगा.”

“पक्का?”

“पक्का, साहब.”

सुट्टे ब्रश तुकडीत नव्हते. पण भरती होण्याआधी मी म्हसावदला एका गुजर शेतकऱ्याच्या मोटारीवर आणि इंजिनावर काम करायचो. तिथे आम्ही टॉर्चचा सेल फोडून आतली कार्बनची कांडी काढायचो आणि कानशीनं घासून ब्रश बनवायचो. शेतावर ते दोन-तीन दिवस निभावे. तो कार्बन फार कडक असतो, आतलं तांबं खरवडून काढतो, हे मला ठाऊक होतं. तरी मी दोन सेल फोडले.

वळवी शेजारी उकिडवा बसला होता. “नवा शे ना पेटीमा? मंग हाई काय करी ऱ्हायना?”

“तुन्हा भरोसा नही का मन्हावर?”

“तुन्हावर शे. तुन्हा सेलवर नही.” आणि हसला. पुढे काही विचारलं नाही. लॉगबुक त्याच्याच गाडीत असायचं. त्याला कळलं असावं.

संध्याकाळी काटा प्लसकडे आला. सुभेदार साहेबांनी पाहिला आणि पाठ थोपटली.

सकाळी सव्वासहाला निघालो. वळवी, सिग्नलमन कुट्टी आणि मी. गाडीत औषधं आणि पिठाची पोती. पावणेनऊला पहिला नाला ओलांडला. पाणी अर्ध्या चाकापर्यंत होतं. वळवीनं गाडी पहिल्या गिअरमध्ये, एका लयीत, सावकाश काढली. हे मुद्दाम लिहितो. साडेनऊला दुसरा नाला आला, तो दोन्ही काठ भरून वाहत होता. मागे फिरलो तर दहा वाजायच्या आत पहिलाही तसाच झालेला. पुढे पाणी, मागे पाणी, डावीकडे उभा कडा, उजवीकडे दोन्ही नाले एकमेकांत मिसळत होते. मध्ये फर्लांगभर सखल जमीन, तिच्यावर आमची गाडी. वळवीनं ती त्यातल्या त्यात उंचवट्यावर नेली. कुट्टीनं सेटवरून कॅम्पातल्या कंट्रोलला खबर दिली. उत्तर आलं, बोट पाठवतो, दर वीस मिनिटांनी बोला.

दहा वीसला काटा मायनसकडे गेला. मी बॉनेट उघडलं. माझ्या ब्रशांची भुकटी झाली होती आणि आतलं तांबं खरवडलेलं होतं. बॅटरी आधीच्या दिवसांत अर्धीच भरलेली. इंजिनाला तीच, वायरलेसलाही तीच. वळवीनं न सांगता इंजिन बंद केलं. मग फक्त पाण्याचा आवाज राहिला. आम्ही एक काठी रोवली आणि तिच्याकडे पाहत बसलो. दर दहा मिनिटांनी पाणी चार बोटं चढत होतं. सांगण्यासारखं माझ्याकडेच होतं.

अकरा वाजता चाकं पाण्यात गेली. बॅटरी वाचवायला बंद ठेवलेला सेट कुट्टीनं अकरा दहाला लावला. आवाज मुंगीएवढा. ‘टू’ म्हणजे आमची गाडी.

“टू, टू, बोट निकल गयी. नीचे वाले क्रॉसिंग पे मिलो. ओव्हर.”

“कंट्रोल, नेगेटिव्ह. हम ऊपर...”

तिथेच सेट मेला. कुट्टीनं तीनदा बटण फिरवलं, मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला. बोट दीड मैल खाली चालली होती. आम्ही तिथे नाही असं पाहून ती परतणार होती. एक वाक्य पोहोचलं असतं तर ती वर आली असती.

वळवी बूट काढू लागला. “मी जास. पलीकडे निंघनू का पयत जाई बोटवालासले सांगी दिसू. तू दोर धर.”

“थांब. पाणी उतरी.”

“काठी दख. उतरी का ते?” कमरेला दोर बांधता बांधता तो हळूच म्हणाला, “तुन्हा सेल गयात ना कामातून? जाऊ दे. मी कोणले सांगस नही.”

मला पोहता येत नव्हतं, कुट्टीलाही नाही. पण मी त्याला अडवू शकलो असतो. मी दोर धरला. अकरा पस्तीसला तो पाण्यात उतरला. तिरका पोहत गेला, चांगला गेला. पलीकडचा काठ हातभर राहिला होता. वरून एक झाड मुळांसकट वाहत आलं. मी ओरडलो. दोराला एक झटका बसला, हाताची साल निघाली आणि मग दोर हलका झाला.

दीड वाजता बोट आली. खाली कुणी सापडलं नाही म्हणून ते स्वतःहून वर शोधत आले होते. आम्ही दोघं गाडीच्या टपावर होतो. वळवी तिसऱ्या दिवशी सापडला.

पाणी ओसरल्यावर गाडी आणायला मीच गेलो. डायनामो उघडला, ब्रशांचं उरलंसुरलं काढून नाल्यात फेकलं. चौकशीत मला विचारलं, डायनामो का बंद पडला? मी म्हणालो, आत पाणी गेलं. पाणी कसं गेलं? मी म्हणालो, ड्रायव्हरनं नाल्यात गाडी जोरात घातली. कुट्टी मागे पोत्यांजवळ बसलेला होता, त्याला पुढचं काही दिसलं नव्हतं. कागदावर वळवीच्या नावापुढे ‘चालकाचा निष्काळजीपणा’ असा शेरा लागला. सुभेदार साहेबांनी त्याच्या शौर्यासाठी शिफारस लिहिली होती. ती त्या शेऱ्यापाशी थांबली.

त्याची ट्रंक घेऊन खांडबाऱ्याला मलाच पाठवलं. वडील अंगणात उभे होते. कागदाची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. त्यांनी ट्रंकेला हात लावला नाही. एकच विचारलं, “साहेब, मन्हा पोऱ्यानी गाडी बुडाई का?”

मी मान खाली घातली. त्यांनी त्याचा अर्थ ‘हो’ असा घेतला. मी तो तसाच घेऊ दिला. पुढच्या गाडीनं परत आलो.

पुढे मी हवालदार झालो, पेन्शनवर आलो. वळवीचे वडील गेले. धाकटा भाऊ आहे, तो शेती करतो. आमच्या तुकडीत त्या पावसाळ्यात एकच माणूस गेला, तो गोविंद वळवी. दोघांना वाचवायला पाण्यात उतरून गेला. कागदावर मात्र तो गाडी बुडवणारा ड्रायव्हर आहे.

रेकॉर्ड ऑफिसला माझ्या सहीचं निवेदन पाठवायचं आहे आणि खांडबाऱ्याला जाऊन त्याच्या भावासमोर सांगायचं आहे की गाडी गोविंदनं नाही, मी बंद पाडली. ही दोन्ही देणी अजून बाकी आहेत.