बायनाबाईनं बंद केलेली हाक

मूल आणि सावली या गावांकडच्या धानाच्या मुलखात रोवणीच्या, म्हणजे धानाची रोपं लावणाऱ्या, बायांची टोळी असते आणि टोळीला म्होरकी असते. तिला कुणी निवडून देत नाही. जिच्या हाकेवर बाया घराबाहेर पडतात, ती म्होरकी. बौद्धपुऱ्यातल्या पंधरा बायांची म्होरकी होती बायनाबाई. आवाज असा खणखणीत, की तळ्याच्या पाळीवरून ओरडली तर पलीकडच्या गावातली कुत्री उठून बसायची. नवरा हरिदास बल्लारपूरला पेपरमिलमध्ये होता आणि पंधरवड्यातून एकदा घरी यायचा. घर, म्हातारी सासू, दोन पोरं आणि टोळी एवढा पसारा ती एकटी ओढायची, आणि तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती.

म्होरकीच्या कामाची सुरुवात बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, होत नसे, पुऱ्यात होत असे. उजाडलं की पहिल्या घरापासून दारोदार हाक मारत जायचं. "केसरबाई, चाल वो." आतून केसरबाई म्हणायची, "आली, चूल तं इझवू दे." मग पुढचं घर. कुणाचं पोरगं रडत असायचं, कुणाची सुपारी सापडत नसायची, कुणी रात्रीचं भांडण सांगायला दारातच अडवून धरायची. मागे बायांची रांग वाढत जायची. सगळ्यात शेवटी, पाळीच्या पलीकडे एकटं पडलेलं रंभाचं घर. रंभा निघाली की टोळी निघाली. यात तास-दीड तास सहज मोडायचा आणि ज्याची रोवणी असेल तो बांधावर हात चोळत उभा राहायचा. पण पद्धत ती पद्धत.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीत टीव्ही आला आणि या पद्धतीला नजर लागली.

दर रविवारी सकाळी पुऱ्यातल्या बाया पंचायतीच्या पडवीत दाटीवाटीनं बसायच्या. हिंदी मालिका लागायची. नवरा मेल्यावर त्याचा कारखाना चालवायला बसलेली एक बाई. मोठ्या टेबलामागे ताठ बसायची, मनगटावर घड्याळ, डोळ्याला डोळा भिडवून बोलायची. बाप्ये माणसं तिच्यासमोर टोपी हातात घेऊन उभी. बाकीच्या बाया तिच्या साडीकडे पाहायच्या. बायनाबाई तिचं बसणं पाहायची. घरी येऊन ती माचीवर तशीच ताठ बसून पाहायची, तेव्हा सासू विचारायची, "काऊन वो, कंबर भरली काय?"

खोटं कशाला बोला, त्या टीव्हीतल्या बाईनं तिला एक गोष्ट फार चांगली शिकवली. गावातले मोठे जमीनदार भैयाजी, त्यांच्या बांधीत या बायांना पिण्याचं पाणी वरून ओंजळीत ओतलं जायचं. त्यांचा गडी विहिरीच्या कट्ट्यावर उभा आणि बाया खाली वाकलेल्या. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. त्या आषाढात रोवणी ठरवायला भैयाजींनी बोलावलं, तेव्हा बायनाबाई अंगणात उभी राहिली, मान खाली घातली नाही आणि म्हणाली, "आमाले पाण्याचा गुंड द्या, दोर द्या. आमच्या हातानं काढून पिऊ. नाई तं तुमच्या बांधीत पाय टाकत नाई."

भैयाजी हसले, मग रागावले. बायनाबाई पापणीही न हलवता पाहत राहिली. लावायची रोपं, म्हणजे पऱ्हे, वयावर आले होते, आणखी चार दिवस थांबले असते तर वाया गेले असते. संध्याकाळी गुंड, म्हणजे पितळी घागर, आणि दोर आला. पहिलं पाणी रंभानं काढलं आणि गुंड तोंडाला लावून गटागटा प्यायली, साडी भिजली तरी थांबली नाही. त्या दिवशी बायनाबाईचे पाय जमिनीला लागत नव्हते.

इथवर सगळं सोन्यासारखं होतं. पण यश डोक्यात गेलं, की माणूस जे शिकायचं तेही शिकतं आणि जे नको तेही. बायनाबाईच्या ध्यानात आलं, की टीव्हीतली बाई कुणाच्या दारात जात नाही. माणसं तिच्याकडे येतात. आणि आपण भिकारणीसारख्या दारोदार हाका मारत फिरतो. तिनं हरिदासचं जुनं घड्याळ मागून घेतलं, छोटा काटा-मोठा काटा शिकून घेतला आणि टोळीला सांगितलं, "आता हाक नाई. आठ वाजता बोरिंगपाशी. आली तं आली. तीन दिवस नाई आली, तं तिच्या जागी दुसरी."

बाया कुरकुरल्या, पण आल्या. पहिल्याच दिवशी टोळी तासभर आधी बांधीत उतरली आणि भैयाजी म्हणाले, "वा, बायनाबाई." भैयाजींनी कुणाला वा म्हटल्याचं पुऱ्यानं तोवर ऐकलं नव्हतं. बायनाबाई बांधावर उभी राहून घड्याळ पाहायची आणि तिला स्वतःचंच कौतुक वाटायचं.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी रंभा आली नाही. रंभा विधवा, मूलबाळ नाही, जवळ कुणी नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. केसरबाई टोळीत सगळ्यात म्हातारी. ती म्हणाली, "तिच्या दारात एक चक्कर मारून पाह्य ना वो. रंभी अशी दांडी मारणारी नाई."

बायनाबाई म्हणाली, "एकीले सूट देली, तं उद्या पंधराजणी घरी बसतीन."

तिसऱ्या दिवशीही रंभा आली नाही. बोरिंगवरून पाळ दिसत होती. पाळीपलीकडे रंभाचं कवलारू छप्पर दिसत होतं. चालत गेलं तर इतकं जवळ, की विडा चघळून व्हायच्या आत माणूस परत यावं. बायनाबाईनं छपराकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं. आठ वाजले होते. तिनं रंभाच्या जागी लच्छूची सून घेतली आणि टोळी निघाली.

त्या दिवशी कामावरून परतताना केसरबाई कुणाला न विचारता पाळीकडे वळली. थोड्या वेळानं तिचा ओरडा साऱ्या पुऱ्यानं ऐकला. रंभा जमिनीवर पडली होती, डोळे उघडे, पण ओळख नव्हती. अंग तव्यासारखं. मडक्यात पाण्याचा थेंब नव्हता. तीन दिवस तिला कुणी पाणी पाजलं नव्हतं.

बैलबंडीवर घालून तिला सडकेपर्यंत नेलं आणि तिथून एसटीनं गडचिरोलीच्या दवाखान्यात. बायनाबाईनं सगळी वाट तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, मलेरिया, मेंदूवर चढलाय. मग सहज विचारावं तसं विचारलं, "बाई, तीन दिवस कुणी पाहिलं नाही का हिच्याकडे?" बायनाबाई रंभाच्या कपाळावरची ओली पट्टी सारखी करत राहिली.

रंभा जगली. पण दोन्ही कान गेले ते गेलेच.

टोळीतल्या बायांनी बायनाबाईला एक शब्द ऐकवला नाही. केसरबाईनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं. घड्याळ तिनं हरिदासला परत दिलं. तो म्हणाला, "बिघडलं काय?" ती म्हणाली, "नाई, चांगलं चालते." दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा दारोदार हाका मारत फिरू लागली, अगदी पहिल्यासारखी. फक्त शेवटच्या घराचं दार बंद असायचं, आणि तिथं जाऊन ती मुकाट उभी राहायची नि परत फिरायची.

कापणीच्या आधी रंभा घरी आली. तिच्यासोबत राहायला मूल गावाहून धाकटी बहीण कांता आली. बायनाबाई भेटायला गेली, सोबत मोहाच्या फुलांची भाकर नेली. सगळ्या वाटेत ती एकच वाक्य घोळवत होती. पण तिनं तोंड उघडायच्या आत रंभानंच तिचा हात धरला. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं ती आता फार मोठ्यानं बोलायची. साऱ्या पुऱ्याला जाईल इतक्या मोठ्यानं ती म्हणाली, "बायना, माफ कर वो मले. तू दारात हाका मारून मारून थकली असशीन. कान तवाच गेले असतीन, मले आयकूच नाई आली. तीन दिवस तुयी रोवणी अडवली मी."

आठची वेळ, बोरिंग, बंद झालेली हाक, सगळं तापानं तिच्या डोक्यातून पुसून टाकलं होतं. तिला फक्त जुनी बायना आठवत होती.

बायनाबाई खाली मान घालून म्हणाली, "मी आलीच नाई, रंभे. मी हाकच नाई मारली." रंभानं तिच्या खांद्यावर थोपटलं. "होऊ दे, होऊ दे," ती म्हणाली, "रडू नको."

कांता बाहेर सरपण फोडत होती. ती हात पुसत आत आली. रंभा चौथी शिकलेली, म्हणून कांतानं युक्ती काढली होती. भेटायला येणाऱ्यानं सांगायचं, कांतानं पाटीवर लिहायचं आणि रंभानं वाचायचं. पुऱ्यातल्या साऱ्या जणी असंच बोलून गेल्या होत्या. कांतानं पाटी मांडीवर घेतली, पेन्सिल हातात धरली आणि म्हणाली, "सांगा बाई, काय लिहू?"

रंभा आशेनं पाटीकडे पाहत होती. जिनं भैयाजींच्या डोळ्याला डोळा भिडवला होता, ती बायनाबाई पाटीच्या लाकडी चौकटीकडे बघत राहिली.

"लिही," ती म्हणाली, "बायना इचारून राह्यली, जेवलीस काय."

कांतानं लिहिलं. रंभानं बोट फिरवत एकेक अक्षर वाचलं, आणि हसून मोठ्यानं सांगितलं, "जेवली वो."