पायांवरची चादर

राजारामपुरीत आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या बाई नर्सिंग कॉलेजात शिकवतात. "कसं वाटतंय?" असं त्या कधी विचारत नाहीत. पेशंट खोटं बोलतो म्हणे. बाबांना हार्टचा त्रास सुरू झाल्यापासून रोज सकाळी बेल वाजवतात, दारातूनच त्यांची पावलं सुजलीत का ते बघतात, "बरं" म्हणतात आणि कॉलेजला जातात. बाबा मात्र त्यांच्यासाठी दाढी करून, भांग पाडून बसतात.

काल भर उकाड्यात बाबा पायांवर चादर घेऊन बसले होते.

"एकदम ठणठणीत हाय की मी!" बाई दिसताच ते ओरडले.

बाई "बरं" म्हणाल्या नाहीत. चपला काढून आत आल्या.

"रिक्षा बोलव," मला म्हणाल्या.

चादर त्यांनी उचललीसुद्धा नव्हती.