जपानच्या उंबऱ्यातल्या वहाणा

जो पाहुणा होऊन दाराशी येतो आणि यजमान होऊन आतून दारही उघडतो, त्या नारायणाला प्रथम दंडवत. वाणी त्याने सांभाळावी, आणि बोलता बोलता हसू आले तर तेही त्याच्याच चरणी रुजू व्हावे.

देव्हाऱ्यातले निर्माल्य रोज उचलले तरी रोज साचते, तसे प्रवासाचे किस्से. आम्ही जपानहून पनवेलला परतलो त्याला बरेच दिवस झाले. तरी भजन आटोपून टाळ पिशवीत गेले, की मंडळातले कोणीतरी म्हणतेच, "अण्णा, आज कोणता जपान?" म्हणून आज ठरवले, ओंजळ एकदाच रिकामी करावी.

सहल काढली आमच्या मकरंदने. तो तळोज्याला नोकरीस आहे. तो, सूनबाई श्रुती, मी आणि माझी पत्नी इंदू, असे चौघे जायचे ठरले. पण हिची अट होती. लग्नात हिच्या आईने हिला पितळेचा रांगता बाळकृष्ण दिला. त्याला नैवेद्य दाखवल्याशिवाय हिने आजवर घास घेतलेला नाही. माहेर उरणकडचे, बोलणे सरळ.

"तो येनार असंल तर मी येनार. त्याला उपाशी ठेवून मला फिरायचं नाय."

झाले! तिकिटे चार, प्रवासी पाच.

* * *

पहिला किस्सा मुंबईच्या विमानतळावरच घडला. तपासणीच्या अधिकाऱ्याने बाळकृष्णाची डबी ट्रेमध्ये ठेवायला सांगितले.

ही म्हणाली, "त्या ट्रेत आताच कोनाचे बूट होते!"

अधिकारी भला माणूस. त्याने दुसरा ट्रे घेतला, खिशातल्या रुमालाने पुसला आणि म्हणाला, "ठेवा आजी." देव यंत्रात गेले. पलीकडे पडद्यासमोर एक बाई बसल्या होत्या. ही थेट त्यांच्यापाशी.

"बाय, पोटात काय दिसलं?"

"काही नाही आजी, भरीव आहे."

ही माझ्याकडे वळून म्हणाली, "बघा! जलमभर लोनी खातोय, ते गेलं कुठं?"

* * *

दुसरा किस्सा माझ्या फजितीचा. आपल्या भजनी मंडळाची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. समोरचा वाकला, की आपण त्याच्या पायांना हात लावायचा आणि त्याने आपल्या. लहानथोर पाहायचे नाही.

तोक्योत एका चहाच्या दुकानात माझ्याच वयाचे मालक होते. मी चहाची पुडी घेतली आणि ते कमरेत वाकले. माझे शरीर सवयीचे गुलाम! मी पुढे होऊन त्यांच्या पायांना हात लावला. ते दचकले, आणि मला मान कमी पडला असे समजून गुडघ्यांवर बसले. आता मी उभा कसा राहणार? मीही बसलो. त्यांनी कपाळ जमिनीला टेकवले. मीही टेकवले.

मकरंद दारातून हळूच म्हणाला, "बाबा, दोघांपैकी एकाने तरी मोठं व्हावं. गाडी सुटेल."

* * *

क्योतोमधल्या एका देवस्थानात आम्ही गेलो. आत मूर्ती दिसत नव्हती. हिने तरीही डोळे मिटून मन भरेतो नमस्कार केला. मग आपल्या गाभाऱ्यातून निघतात तशी निघाली, देवाला पाठ न दाखवता, उलट्या पावली. आपल्याकडे गाभारा संपला की माणूस वळतो. हिला तो कुठे संपतो ते कळेना, म्हणून ही मागे मागे चालतच राहिली. अंगणात छत्र्या घेतलेला प्रवाशांचा जथा होता. तो दुभंगला आणि त्याने हिला वाट करून दिली.

कमानीपाशी झाडू मारणारे एक गृहस्थ झाडू बाजूला ठेवून वाकले. श्रुती म्हणाली, "आई, आता वळा. रस्ता आला."

"देव दिसेनासा झाला का?"

"कधीच!"

"मंग ठीक हाय."

* * *

तिथून आम्ही डोंगरातल्या एका लहान गावी, जुन्या पद्धतीच्या लाकडी अतिथिगृहात उतरलो. मालकीणबाई हिच्याच वयाच्या, बारीक अंगाच्या. त्यांना आपली भाषा येत नव्हती आणि आम्हाला त्यांची. मधे मकरंदचा मोबाईल दुभाष्या.

खोलीत भिंतीला एक कोनाडा होता. त्यात एक चित्र टांगलेले आणि खाली एकच फूल. ही म्हणाली, "बघा, देव्हारा तयारच हाय!" आणि बाळकृष्ण तिथे विराजमान झाले.

मी माळकरी, मासे खात नाही. ही मात्र खाडीकाठची लेक. मकरंदने मोबाईलवर सांगितले, "बाबांना नुसता भात, आईला काहीही चालेल." हिने मासा चाखला, डोळे मिटले आणि निवाडा दिला, "ताजा हाय. बिचारी मसाला इसरली."

रोज पहाटे ही गरम भाताची एक वाटी मागून घेई. वर साखर आणि घरून नेलेले तुळशीचे पान ठेवी आणि नैवेद्य दाखवी. मालकीणबाई दाराशी गुडघ्यांवर बसून ते सारे एकाग्रतेने पाहत. हिचे हात जोडले गेले की त्यांचेही जोडले जात.

* * *

पण त्या दोघींचे युद्धही जुंपले. ते वहाणांवरून.

पहिल्या सकाळी ही खाली गेली आणि तशीच तणतणत वर आली. "चला, सामान बांधा. आपल्याला निघा म्हनतायत!"

आदल्या दिवशी आम्ही वहाणा काढून आत आलो होतो. रात्रीतून कोणीतरी त्या साऱ्या बाहेर तोंड करून ठेवल्या होत्या. आपल्याकडे पाहुण्याच्या वहाणा यजमानाने दाराकडे वळवल्या, तर त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. मकरंदने समजावले, "आई, निघताना तुला वळायला लागू नये म्हणून करतात ते. मान आहे तो."

"आमच्यात पाहुन्याला निघायला सोपं करत नाय. अवघड करतात!"

असे म्हणून हिने खाली जाऊन आमच्याच नव्हे, साऱ्या पाहुण्यांच्या वहाणा आत वळवल्या. तासाभराने पाहिले तर त्या पुन्हा बाहेर. हिने आत वळवल्या. जेवून येतो तो बाहेर! दोघी जिन्यात भेटल्या की हसून वाकत. वहाणांबद्दल अवाक्षर नाही.

* * *

आता शेवटचा.

निघायच्या सकाळी हिने पूजा केली, नैवेद्य दाखवला आणि वहाणांचा अखेरचा डाव खेळायला खाली धावली. देवांना श्रुती डबीत ठेवील, असे हिने गृहीत धरले. श्रुतीने तिथल्या रीतीप्रमाणे आदल्या रात्रीच स्नान केले होते. सकाळी पारोशाने देवाला हात कसा लावायचा, म्हणून तिने लावला नाही. आई परत येऊन ठेवतील, असे तिला वाटले. दोघींचेही सोवळे शाबूत, आणि देव कोनाड्यात!

पुढच्या शहरी संध्याकाळी डबी उघडली. रिकामी.

श्रुतीच्या डोळ्यांत पाणी आले, तेव्हा हिने तिच्या पाठीवरून हात फिरवला. पुढ्यातले ताट मात्र बाजूला सारले. "तो उपाशी, तर मी उपाशी."

मकरंदने अतिथिगृहाला फोन लावला. देव जागेवरच होते. म्हणाल तर कुरियरने पाठवतो, असा निरोप आला.

"खोक्यात घालून? तो काय हापूस हाय?"

मी माझ्या परीने निरूपण केले. "इंदू, देव चराचरात आहे. तो इथेही आहेच."

"असंल," ही म्हणाली. "पन तो येवडासा तितं हाय."

जन्मभर प्रवचने केली. हे वाक्य ऐकले आणि मकरंदला सकाळची पहिली गाडी बघायला सांगितले.

दुसऱ्या दिवसाचे फिरणे रद्द करून, पहिल्या गाडीने आम्ही परत निघालो. वाटभर ही खिडकीबाहेर पाहत होती. पाण्यावाचून पोटात काही नव्हते.

मालकीणबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी आम्हाला त्याच खोलीत नेले. दार सरकवले. कोनाड्यात बाळकृष्ण जसे ठेवले तसेच, रांगत. पुढ्यात भाताची वाटी, वाफ निघत असलेली. वर साखर. तुळस कुठली मिळणार? त्यांनी अंगणातले एक कोवळे पान ठेवले होते.

खोलीत दुसऱ्या कोणाचे सामान नव्हते. मकरंदने संकोचून मोबाईलवर विचारले, "काल खोली कोणाला दिली नाहीत?"

मोबाईलने उत्तर वाचून दाखवले, "पाहुणे अजून आतच होते."

ही कोनाड्यापुढे बसली. तो भात हिने प्रसाद म्हणून खाल्ला, शितही न सांडता. मालकीणबाई समोर बसून वारा घालत होत्या.

देव डबीत आले. डबी हिने स्वतः पदरात धरली. आम्ही निरोप घेऊन खाली उतरलो आणि उंबऱ्याशी थबकलो.

आमच्या चौघांच्या वहाणा आत तोंड करून ठेवल्या होत्या.

हिने त्यांच्याकडे पाहिले. मग मालकीणबाईंकडे पाहिले. वहाणांना हात लावला नाही. होत्या तशाच, घराकडे तोंड करून, पायांत घातल्या. हात जोडले. आणि ही उलट्या पावली निघाली. अंगण ओलांडले, फाटक ओलांडले, रस्ता आला.

श्रुती म्हणाली, "आई, आता वळा."

"ती अजून दिसतेय," ही म्हणाली.

* * *

ज्यांनी हे ऐकले त्यांच्या दारी पाहुणा यावा, चुलीवर त्याच्यापुरता भात असावा, आणि त्यांच्या उंबऱ्यात आपल्या माणसांच्या वहाणा सदैव आत वळलेल्या असाव्यात. सर्वांचे कल्याण असो.