डाव्या पायाची टाच

दिल्लीच्या एका व्यापाऱ्याने अण्णांना फसवलं, आणि त्याला लातूरला अण्णांच्या दारात नेऊन उभा केला मी. महिन्यापूर्वी त्यांच्या मुलीचा, महादेवीचा फोन आला, "काका, अण्णा गेले", तेव्हा आधी हेच आठवलं... रडू नंतर आलं.

बसवराज अण्णा प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे करायचे. बादल्या, डब्यांची झाकणं. मी हदगावच्या स्टँडवर शिट्ट्या विकता विकता नांदेडात खेळण्यांचं ठोक दुकान टाकलेला माणूस. एकदा त्यांच्यापुढे एक परदेशी खेळणं ठेवलं. तळहाताएवढं जेट विमान, घड्या उलगडल्या की रोबो. "असं आपल्याकडं होईल?" अण्णांनी ते उलटसुलट केलं. "हाव, व्हईल की. पण ह्याचे पंख निघून हातात येतात. पोरगं सांजच्याला हरवून बसंल."

मग ते लाकडात नमुने कोरत बसले. पहिल्याचे पंख पाठीवर मिटायचे, पण विमानाचं नाक छातीवर यायचं आणि रोबो तोंडावर आपटायचा. दुसऱ्यात नाक पाठीमागे नेलं. तिसऱ्यात पुढचं चाक उजव्या तळपायाखाली दुमडलं, तर तो पाय दुसऱ्यापेक्षा तांदळाच्या दाण्याएवढा उंच झाला. मी चिडलो. "काढून टाका ते चाक, स्वस्त पडंल!"

"आन् बिनचाकाचं इमान उतरवू कुठं, शेट? तुझ्या टकलावर?"

त्यांनी डाव्या पायाला दाण्याएवढी टाच चिकटवली. रोबो ताठ उभा राहिला. अण्णा त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत होते.

त्यांची अट एकच होती, खोक्यावर आपलं नाव पाहिजे. जन्मभर दुसऱ्यांच्या बादल्या केल्या, हे एक माझं, म्हणायचे. माल काढून विकायला मी दिल्लीचा तो व्यापारी गाठला आणि बाकी प्रत्येक गोष्टीवर त्याच्याशी घसा बसेपर्यंत भांडलो. नावाला तो लगेच "हो हो" म्हणाला आणि मी ते तोंडीच सोडून दिलं. नमुना विश्वासावर द्यायचा, पसंत नसला तर परत येतो, ही आमच्या धंद्याची रीत. प्लास्टिकचा एक नमुना तो घेऊन गेला. नमुना आला नाही, उत्तरही नाही.

पुढे माझ्याच दुकानात माल उतरला. खोक्यावर त्या व्यापाऱ्याचा छाप, आत आमचं विमान. एक खोकं घेऊन तसाच लातूरला गेलो. अण्णा तेव्हा अंथरुणाला खिळलेले. त्यांनी रोबो स्टुलावर ठेवला. तो उजवीकडे कलला आणि पडला. परत ठेवला, परत पडला. त्यांनी तळपाय बघितले. चाक काढलेलं होतं, टाच मात्र तशीच होती.

"चोरी केली त्यानं, अण्णा!"

"केली तर केली रे. पण चाक काढलं, मग टाच कशाला ठिवली? आता पोरं म्हणतील, करणाऱ्याला अक्कल न्हवती..."

एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ती आमची शेवटची भेट.

महादेवीने लाकडी नमुना मला दिलाय. तो माझ्या गल्ल्यावर उभा असतो, चाकासकट, ताठ. नाव लिहून का घेतलं नाही, हे ती मला विचारत नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

व्यापाऱ्याला फोन केला, तर म्हणतो, डिझाइन आमचंच. ठीक. तुला मराठी येत नसेल तर हे कुणाकडून वाचून घे, आणि चार माणसांत एवढंच सांग: तुझ्या रोबोच्या उजव्या पायाखाली चाक नाही, मग डाव्या पायाला टाच कशासाठी?