आईच्या कुत्र्यासाठी पाळणाघर

आई गेल्यानंतर काही आठवड्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला लॉबीत गाठलं. आधी आईबद्दल दोन शब्द बोलले, मग चाचरत म्हणाले, "मॅडम, बुरा मत मानिए, लेकिन आपका डॉग सारा दिन रोता है."

मी "अच्छा" म्हणाले. त्या दिवसांत मी सगळ्यालाच अच्छा म्हणत होते.

मला खरंच ठाऊक नव्हतं. सकाळी मी ऑफिसला निघायचे तेव्हा तो दाराशी पडलेला असायचा आणि संध्याकाळी कुलूप काढलं की तिथंच असायचा. मधल्या वेळात तो काय करत असेल, हा प्रश्न मला पडला नव्हता. भांड्यातलं खाणं तसंच राहिलेलं दिसायचं. मी ते टाकून नवीन वाढायचे.

तो मुळात माझ्या ऑफिसातल्या एकाचा. त्याला कंपनीनं सिंगापूरला पाठवलं तेव्हा "दोन महिने सांभाळ, मग घेऊन जातो" असं म्हणून हा तपकिरी लॅब्रॅडोर माझ्याकडे ठेवून गेला, आणि मग त्यानं विषय काढायचंच बंद केलं. गुडगावात तेव्हा असं सर्रास चालायचं. काचेच्या इमारती आधी उभ्या राहत होत्या, रस्ते मागाहून येत होते, आणि माणसं एका प्रोजेक्टवरून दुसऱ्या देशात जाताना सोफे, कुंड्या, कुत्री मागे सोडून जात होती.

आई नुकतीच निवृत्त होऊन पुण्याहून माझ्याकडे राहायला आली होती. तिला घरात कुत्रं अजिबात नको होतं. पण अकराव्या मजल्यावर दिवसभर तिला दुसरं होतं तरी कोण! खाली बाकावर बसणाऱ्या बायकांशी बोलताना तिचं हिंदी अडखळायचं, मग ती गप्प होऊन वर यायची. कुत्र्याशी मराठीत बोलता येत होतं. बघता बघता ती त्याच्यासाठी वेगळा बिनमिठाचा भात लावायला लागली. फोनवर दादाला त्याच्याच गोष्टी सांगायची.

एका दुपारी ती स्वयंपाकघरात कोसळली. तो इतका भुंकला की शेजारीण घाबरून आली. तिच्याकडे आमची किल्ली असायची. तिनं दार उघडलं तेव्हा आई गेलेली होती आणि तो तिच्या पाठीला टेकून बसला होता. हे मला शेजारणीनं सांगितलं, रडत रडत. मी ऐकून घेतलं. तिला पाणी दिलं.

पुण्याला जाऊन सगळं करून मी परत आले. दादा म्हणाला होता, "तू इकडेच बदली घे. आणि त्या कुत्र्याला कुणाला तरी देऊन टाक."

"बघते," मी म्हणाले. पण कुणाला द्यायचं म्हटलं तर विचारावं लागणार, समजावून सांगावं लागणार. तेवढं बोलण्याचंही त्राण माझ्यात नव्हतं.

सेक्रेटरींनी सांगितल्यावर मी त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी त्याचे दात, पोट, कान तपासले. "बीमार नहीं है, अकेला है," ते म्हणाले. "दिन में कहीं छोड़िए, जहाँ लोग हों." कुत्र्यांसाठी आता डे-केअर निघालीत, हे त्यांच्याकडूनच कळलं. निघताना म्हणाले, "जगह खुद देखिए. बिना बताए जाइए, दोपहर में."

कुत्र्याचं पाळणाघर. आईला सांगितलं असतं तर ती किती हसली असती, असं मनात आलं. आलं आणि गेलं.

पहिली जागा दिल्लीच्या हद्दीत, छतरपूरकडच्या एका फार्महाउसमध्ये होती. हिरवळ, निळा पोहण्याचा तलाव, भिंतीवर कुत्र्यांचे टोप्या घातलेले फोटो. तिथली मुलगी माझ्याशी इंग्रजीत आणि त्याच्याशी बोबडं बोलत होती. तिथं आठवड्यातून एकदा वाढदिवस साजरे व्हायचे. मी विचारलं, "दुपारी ही सगळी झोपतात कुठं?" ती म्हणाली, "सॉरी, मागच्या बाजूला पेरेंट्सना नेत नाही." मी तिच्याकडे बघत राहिले. पेरेंट्स म्हणजे मी, हे समजायला मला थोडा वेळ लागला. मागच्या बाजूनं भुंकण्याचा आवाज येत होता, एकसुरी, थकलेला. तो माझ्या पायामागे जाऊन उभा राहिला. आम्ही परत आलो.

दुसरी जागा आमच्या घराजवळच, एका बंगल्याच्या तळघरात. ऑफिसच्या वाटेवर, म्हणजे सोयीची. फरशी लख्ख, फिनेलचा वास, दोन्ही बाजूंना पिंजरे. प्रत्येकात एक कुत्रं. एकही भुंकत नव्हतं. मालक अभिमानानं म्हणाला, "देखिए, कितनी शांति है." आम्ही त्या पिंजऱ्यांमधून चालत गेलो तरी कुणी उठलं नाही, नुसते डोळे आमच्याबरोबर सरकत गेले. मला ती शांतता ओळखीची वाटली. मी बाहेर येऊन गाडीत बसले आणि बराच वेळ गाडी सुरूच केली नाही.

तिसरी जागा जुन्या गुडगावात, एका बंगलेवजा कोठीत होती. चालवणारी बाई निवृत्त शाळामास्तरीण, पंजाबी, माझ्या आईपेक्षा थोडी मोठी. यजमान नव्हते, मुलं कॅनडात. अंगणात लिंबाचं झाड, त्याखाली जुनी सतरंजी आणि तीन-चार कुत्री. त्यांतलं एक पांढरं, म्हातारं, बहुधा आंधळं. पाण्याची मातीची कुंडी भरलेली. दारं सगळी उघडी. मी न सांगताच गेले होते, तरी त्यांनी आधी घर दाखवलं, मग मला खुर्ची दिली. लसी कधी दिल्या ते विचारलं. आणि मग म्हणाल्या, "अब बताइए, यह किसके साथ रहता था?"

"माँ के साथ," मी म्हणाले. "वो नहीं रहीं."

त्या हळहळल्या नाहीत. "ढूँढता है उनको?"

"हाँ. किचन में."

"और बोली कौन सी समझता है?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी म्हणाले, मराठी. मग त्यांनी ते शब्दच मागितले. बसायला काय म्हणायचं, बोलवायला काय, जेवायला काय. मी एकेक सांगत गेले. बस. इकडे ये. नको हं. जेवणाचं सांगताना थांबले, कारण आई त्याला 'खा' कधीच म्हणायची नाही. घरात पाहुणा असल्यासारखी म्हणायची, "चला, पान वाढलंय."

मी ते मोठ्यानं म्हटलं, तसा तो उठला. कान टवकारून माझ्याकडे बघितलं, मग फाटकाकडे, मग परत माझ्याकडे. बाईंनी दोनदा म्हणून बघितलं. त्यांचा पंजाबी वळणाचा तो उच्चार ऐकून तो त्यांच्याकडे वळला आणि संशयानं त्यांचा हात हुंगू लागला.

"पहले कुछ दिन उदास रहेगा," त्या म्हणाल्या. "उससे घबराना मत. और आप? आप खाना खाती हैं?"

"हाँ जी," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आतून पराठा आणून ठेवला. मी खाल्ला. चव आठवत नाही. गरम होता एवढं आठवतं.

मी तीच जागा ठरवली. वाटेवर नव्हती, उलट दिशेला होती. सुरुवातीला तो फाटकाशीच पडून राहायचा. बाई फोनवर सांगायच्या, आज पाणी प्यायला, आज दोन घास खाल्ले. मी मीटिंगमधून बाहेर येऊन ते ऐकायचे आणि परत आत जायचे. संध्याकाळी मी दिसले की तो चटकन उठून गाडीत चढायचा, मागं वळून न बघता. आता बाई मला चहा घेतल्याशिवाय सोडत नव्हत्या, मग मी गाडीचं दार उघडं ठेवून चहा प्यायचे.

थंडी सुरू झाली तशी एका संध्याकाळी मी फाटकाशी उभी राहिले आणि तो आलाच नाही. अंगणाच्या टोकाला तो त्या आंधळ्या कुत्र्याबरोबर बाईंच्या मुळ्यांचा वाफा उकरत होता. शेपूट जोरजोरात हलत होतं. मी हाक मारली. त्यानं मान वर केली, मला पाहिलं, आणि पुन्हा उकरायला लागला.

मला राग आला. इतका, की फाटकाची कडी हातात गच्च धरली. आईला जाऊन किती दिवस झाले रे, आणि तू खेळतोस? कानशिलं तापली. किती आठवड्यांनी मला काहीतरी होत होतं, आणि ते नेमकं या मुक्या जनावरावर.

बाई पायऱ्यांवरून म्हणाल्या, "आज रहने दो थोड़ी देर. बैठो."

मी पायरीवर बसले. त्या मटार सोलत राहिल्या. थोड्या वेळानं तो आपणहून आला, नाकाला चिखल, आणि माझ्या ऑफिसच्या पांढऱ्या सलवारीवर दोन्ही पंजे ठेवले. मी त्याला ढकललं नाही.

परतताना चौकात नेहमीसारखीच गाड्यांची रांग लागली होती. मागच्या सीटवर तो पसरून झोपला होता, घोरत होता. पार्किंगमध्ये पोचलो तरी जागा झाला नाही. मी इंजिन बंद केलं आणि त्याची झोप होईपर्यंत तिथंच बसून राहिले.