फाटकाशी वाकलेला क्लब

माझा मोठा भाऊ फौजेतून निवृत्त होऊन आला, तेव्हा त्याने मला गोल्फचा चेंडू मारायचा एक क्लब दिला आणि तो धरायचा कसा हेही शिकवलं. मी बुलढाण्याला हायस्कुलात गणित शिकवते. वय तेव्हा एकावन्न. रोज सकाळी शाळेआधी गावाबाहेरच्या माळावर जाऊन मी चेंडू मारू लागले. फिरायला येणारे थांबून बघत. एकाने विचारलंच, "काऊन मॅडम, कुत्रे हाकलाले आणली का काठी?"

मी म्हटलं, "बाजूला व्हा, चेंडू लागेल."

वर्षभरात हात बसला. चेंडू नीट लागला की मनगटाला कळतही नाही, नुसता टणत्कार ऐकू येतो. त्या आवाजासाठी मी उठत होते.

एका रविवारी क्लब फाटकाला टेकवून मी घरात पाणी प्यायला गेले. तो घसरून पडला असावा. यजमानांनी गाडी मागे घेतली आणि चाक त्याच्यावरून गेलं. मुठीच्या खाली दांडा कोपरासारखा वाकला. त्यांनी काही मुद्दाम केलं नव्हतं. पण उतरून म्हणाले, "बरंच झालं. लोक हासून राह्यले होते. या वयात शोभते का हे?"

त्या 'बरंच झालं'ने माझ्या अंगाची लाही झाली. "हासू द्या," मी म्हटलं. "मी खेळणार."

"कायनं?"

"ते मी पाह्यते."

गावातल्या दोन वेल्डिंगवाल्यांनी हात वर केले. मग बसने खामगाव गाठलं. कापसाच्या जिनिंगच्या यंत्रांचे सुटे भाग दुरुस्त करणारे एक चाचा तिथे होते. त्यांनी दांडा डोळ्यापुढे धरला. "ताई, ठोकून सरळ होईन. पण नळी पोकळ हाय. खेळता खेळता तिथूनच तुटन, अन् कोणाच्या तरी डोक्यात जाईन."

"मग वाकलेलं कापून टाका."

"ठेंगणी होईन."

"मी तरी कुठं उंच हाय, चाचा?"

ते हसले. वाकलेला भाग कापला, कड घासली, सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळून नवी मूठ केली. म्हणाले, "आता मारून दाखवा." मी दुकानासमोर हवेतच एक फटका मारला. त्यांनी मान डोलावली.

पहिला आठवडा चेंडूऐवजी माती खणण्यातच गेला. जास्त वाकावं लागे, कंबर धरली. पाय फाकवून उभी राहिले तेव्हा जमलं. चेंडू आता पूर्वीइतका लांब जात नाही, सरळ मात्र जातो.

परवा यजमान म्हणाले, "नवा मागवू का तुले?"

"मागवा," मी म्हटलं, "पण तुमच्यासाठी. शिकवते मी."

ते अजून माळावर आलेले नाहीत. मी रोज जाते.