मावशीचं गाणं

गेल्या वर्षी एका जुन्या, गाजलेल्या कादंबरीवरचं संगीत नाटक गावोगाव प्रयोग करत वाशीला आलं. ती कादंबरी मी कॉलेजात असताना चारदा वाचलेली, त्यामुळे नाट्यगृहात शिरतानाच माझ्या कपाळावर आठी होती. मी एका स्थानिक साप्ताहिकात नाटकांची परीक्षणं लिहितो आणि ती सगळ्यात गंभीरपणे बहुधा मीच वाचतो.

नायिकेच्या मावशीचं काम माझी कॉलेजातली मैत्रीण करत होती. ती मोरा बंदरावरची, मासळीचा धंदा असलेल्या घरातली. आता बँकेत नोकरी करते आणि रजा साठवून साठवून नाटकाचे दौरे करते. कादंबरीत ही मावशी जेमतेम अर्ध्या पानाची आहे. इथे मात्र दुसऱ्या अंकात ती उंबऱ्यावर बसून एक अख्खं गाणं म्हणाली. घरातली सगळी जेवून उठलीत, न आलेल्या एकाचं ताट वाढून झाकून ठेवलंय, एवढाच त्याचा विषय.

प्रयोग संपल्यावर आत जाऊन कलाकारांना भेटायची रीत आहे. त्या दिवशी मी न भेटताच सटकलो, कारण काय लिहायचं ते ठरलं होतं आणि तिच्या तोंडावर खोटं बोलणं मला जमलं नसतं. मग लिहिलं की मुळात नसलेलं हे गाणं लांबतं, नाटक इथे बसकण मारतं. ‘बसकण’ या शब्दावर मी दोन दिवस खूश होतो.

पुढे ठाण्या-नाशकाच्या प्रयोगांनंतर आणखी दोघांनी तेच लिहिलं. महिन्याभरात जाहिरात आली, ‘आता अधिक आटोपशीर’. गाणं काढून टाकलं होतं.

आणि तेच गाणं मला सोडेना. कोपरखैरण्यात सोसायटीच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना त्याची पहिली ओळ आपोआप तोंडात यायची आणि अंतऱ्यापाशी गाणं अडायचं. पुढची चाल काही केल्या आठवेना. रेकॉर्डिंग कुठेच नव्हतं. शेजारच्या खुर्चीतला माणूस मोबाइल काढत होता, त्याला मीच दटावलं होतं. इतकी ओढ मला कुठल्या गाण्याची कधी लागली नव्हती, आणि ते मीच बंद पाडलं होतं.

नाटक पनवेलला आलं तेव्हा तिकीट काढून गेलो. वाटलं, एखादे वेळी परत घेतलं असेल. मावशीने ताट झाकलं, उंबरा ओलांडला आणि ती आत निघून गेली. प्रवेश खरोखर छान वेगात पुढे सरकला. लोकांना काही कमी पडलं नाही. मला मात्र तिथेच रडू आलं.

या वेळी मी आत गेलो, तिकिटाचा तुकडा अजून हातातच होता. ती खोबरेल तेलाने रंग पुसत होती.

“तिकीट काढून आलास? समीक्षक लोक कधीपासून तिकीट काढाय लागले?”

“त्या गाण्यासाठी आलो होतो,” मी म्हणालो. “माझं चुकलं. एकदा म्हण ना. हळू म्हटलंस तरी चालेल.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने हातातला कापूस खाली ठेवला, डोळे मिटले आणि खरंच सुरुवात केली. पहिली ओळ झाली. दुसरीच्या तोंडाशी ती थांबली आणि ओशाळून हसली.

“नाय रे. आता घरी पन गायला लागले ना, की मलाच लांबल्यासारखं वाटतं.”